०.२२ रायफलसाठी परवडणारा स्कोप: गावाकडच्या नेमबाजांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, अमरावती, वर्धा, चंद्रपूरकडची मुलं-मुली हल्ली नेमबाजीकडे वळत आहेत. कुणी एनसीसीच्या कॅम्पात पहिल्यांदा ०.२२ हाती घेतो, कुणी शालेय स्पर्धेतून येतो, आणि काही जण तर चाळिशी उलटल्यावर हा नाद लावून घेतात. स्कोपबद्दल सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. किमतींचे आकडे मुद्दाम टाकलेले नाहीत. आयात माल डॉलरसोबत हलतो आणि सहा महिन्यांपूर्वीचा भाव दुकानात कुणी मानत नाही.

स्पर्धेसाठी स्कोप लागतोच का?

बहुतेक वेळा लागत नाही. खिशात हात घालण्याआधी हे समजून घ्या. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनी होणाऱ्या ५० मीटर प्रोन (झोपून), ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून, उभ्याने) आणि १० मीटर एअर रायफल या प्रकारांत रायफलवर दुर्बीण बसवता येत नाही. तिथे पीप साइट असते, म्हणजे मागे बारीक भोक आणि पुढे कडं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं, तेही पीप साइटवरच. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांतही रायफलचे गट ओपन साइट आणि पीप साइट असेच असतात. आयएसएसएफच्या प्रकारांत रनिंग टार्गेट हा अपवाद, तिथे दुर्बीण चालते.

स्कोप चालतो तो बेंचरेस्टमध्ये (टेबलावर रायफल टेकूवर ठेवून खेळायचा प्रकार), रिमफायर (म्हणजे ०.२२ सारख्या काडतुसांच्या) प्रिसिजन प्रकारच्या सामन्यांत आणि क्लबांनी आपापल्या नियमांनी भरवलेल्या स्पर्धांत. आयोजकांकडून नियमपत्रक लेखी मागवा. त्यात अंतर, निशाणाचा प्रकार, रायफलच्या वजनाची मर्यादा आणि दुर्बिणीच्या पटींची (निशाण किती पट मोठं दिसतं त्याची) मर्यादा एवढं पाहा. जागतिक रिमफायर बेंचरेस्टच्या इंटरनॅशनल स्पोर्टर गटात दुर्बीण ६.५ पटींच्या वर चालत नाही. २४ पटींचा स्कोप घेऊन तिथे गेलात तर लाइनवर बसूच देणार नाहीत.

"आमच्या पोराले पीप साइटच्या मॅचमध्ये उतरवाचं हाये. थोडे पैसे जमवले हायेत. कोणता स्कोप घेऊ जी?"

रायफलवर लावायचा कोणताच नको. पोरगा ५० मीटरवर खेळणार असेल तर जमिनीवर तिपाईवर ठेवायचा स्पॉटिंग स्कोप बघा. आपली गोळी कुठे लागली ते त्यातून दिसतं आणि तो नियमात बसतो. २० पटींच्या आसपासचा साधा, जुना चालेल. १० मीटरवर त्याचीही गरज नाही. मग ते पैसे चांगल्या पेलेट्समध्ये आणि रेंजच्या फीमध्ये घाला.

मग पीप साइटवाल्याने स्कोपचा विचारच करू नये?

सरावात त्याचा एक उपयोग आहे. कोणत्या कंपनीची, कोणत्या लॉटची गोळी आपल्या नळीला मानवते, हे स्कोप लावून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून तपासलं की डोळ्याची चूक हिशेबातून निघून जाते. ०.२२ मध्ये लॉट बदलला की ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, बदलतो, हे जुने खेळाडू जाणून आहेत. असा एक स्कोप चार-पाच जणांच्या गटाने मिळून घेतला तरी पुरतो, प्रत्येकाने वेगळा घ्यायची गरज नाही.

रिमफायरसाठी वेगळा स्कोप कशाला? दुर्बीण ती दुर्बीण.

०.२२ लाँग रायफलच्या काडतुसात ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून ते रिमफायर. गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. मॅचची गोळी आवाजाच्या वेगापेक्षा थोडी हळू, सेकंदाला ३२०-३३० मीटरने जाते. यातून स्कोप घेणाऱ्याच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. धक्का नगण्य असतो, त्यामुळे मोठ्या रायफलींसाठी बांधलेली महागडी मजबुती आपल्याला लागत नाही. आणि खेळ २५, ५०, फार तर १०० मीटरचा, त्यामुळे दूरच्या अंतरासाठी जुळवलेला स्कोप इथे गोंधळ घालतो. त्या गोंधळाचं नाव पॅरॅलॅक्स.

पॅरॅलॅक्स म्हणजे नेमकं काय? दुकानदार तर याबद्दल काहीच बोलत नाही.

मोटरसायकलवर मागे बसलेला माणूस वाकून मीटर बघतो तेव्हा त्याला काटा ५५ वर दिसतो आणि चालवणाऱ्याला ५० वर. काटा आणि आकडे एका पातळीवर नसतात, म्हणून डोळा सरकला की वाचन सरकतं. स्कोपमध्ये काट्याच्या जागी क्रॉसहेअर (नेम धरायची उभ्या-आडव्या रेषांची फुली) आणि आकड्यांच्या जागी निशाणाची प्रतिमा. दोन्ही एकाच पातळीवर येतात ते फक्त एका ठरावीक अंतरावर. बाकी अंतरांवर गाल दस्त्यावर जरा इकडेतिकडे पडला की क्रॉसहेअर निशाणावरून सरकतो आणि तुम्हाला वाटतं, हात हलला.

याचा हिशेब सोपा आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाचा अर्धा घ्या, त्याला निशाणाचं अंतर आणि स्कोपचं जुळवलेलं अंतर यांतल्या फरकाने गुणा, आणि जुळवलेल्या अंतराने भागा. सगळ्यात वाईट परिस्थितीत, म्हणजे डोळा पार कडेला गेल्यावर, चूक तेवढी.

बाजारातला साधा ३-९×४० (३ ते ९ पट, पुढचं भिंग ४० मिलिमीटर) स्कोप १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर जुळवलेला असतो. ५० मीटरच्या निशाणावर त्याची चूक होते साधारण ९ मिलिमीटर. ५० मीटरच्या आयएसएसएफ निशाणावर १० चं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं आहे. म्हणजे हात, श्वास, घोडा सगळं बरोबर असूनही मधोमध जाणारी गोळी ९ मध्ये जाऊ शकते. तोच ४० मिलिमीटरचा स्कोप ५० यार्डांवर, म्हणजे ४५.७ मीटरवर जुळवलेला असेल तर चूक २ मिलिमीटरच्याही आत येते. आणि १०० यार्डांचा स्कोप १० मीटरच्या एअर रायफलवर लावला तर तीच चूक जवळजवळ १८ मिलिमीटर. पोरं "स्कोप खराब निघाला" म्हणत परत आणतात ते बरेचदा यामुळेच.

खोक्यावर 'रिमफायर' लिहिलेले स्कोप साधारण ५० किंवा ६० यार्डांवर जुळवून येतात, ते घ्या. किंवा जुळवता येणारा घ्या: पुढच्या भिंगाभोवती फिरणारं कडं असेल तर त्याला एओ म्हणतात, डाव्या बाजूला चक्री असेल तर साइड फोकस. एओ स्वस्त पडतो आणि बैठ्या खेळाला तो पुरेसा आहे. कड्यावरच्या आकड्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. रायफल पिशवीवर स्थिर ठेवा, हात न लावता डोळा वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवा आणि क्रॉसहेअर निशाणावर चिकटून राहीपर्यंत कडं फिरवा. तिथे पांढऱ्या रंगाची बारीक खूण करून ठेवा.

किती पटींचा घ्यावा? जास्त पट म्हणजे जास्त चांगला ना?

विदर्भात तर मुळीच नाही. स्वस्त स्कोपमध्ये पट वाढली की चित्र अंधारतं, कडा धूसर होतात आणि डोळा बरोबर एकाच जागी ठेवावा लागतो. त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊनंतर मुरमाड जमिनीवरून गरम हवा उठते आणि निशाण पाण्यातल्यासारखं हलू लागतं. पट जितकी मोठी तितकं हे हलणंही मोठं दिसतं. २४ पटींवर काळं वर्तुळ उकळताना बघण्यापेक्षा १० पटींवर शांत दिसलेलं बरं. हेच मृगजळ वाऱ्याची दिशाही सांगतं, पण ते वाचायला शिकणं हा वेगळा विषय आहे.

५० मीटरच्या क्लब स्पर्धेला ३-९ किंवा ४-१२ पटींचा स्कोप पुरतो. उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून खेळणार असाल तर ४ ते ६ पटींवर ठेवा. जास्त पटीवर आपलाच हात इतका थरथरताना दिसतो की पोरं घाबरून घोडा ओढतात. फक्त बेंचरेस्टला २४ ते ३६ पटींची गोष्ट वेगळी. तिथे रायफल टेकूवर असते आणि अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडण असतं.

५० मिलिमीटरचं मोठं भिंग घेतलं तर?

नको. मोठं भिंग म्हणजे उंच रिंग (स्कोप रायफलवर धरून ठेवणारं कडं), उंच रिंग म्हणजे गाल दस्त्यावरून सुटतो. शिवाय वरच्या हिशेबाप्रमाणे भिंग मोठं तितकी पॅरॅलॅक्सची चूक मोठी. दिवसा उजेडी खेळायला ३२ किंवा ४० मिलिमीटर भरपूर. भिंगाच्या व्यासाला पटींनी भागलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा व्यास निघतो. ४० भागिले १० म्हणजे ४ मिलिमीटर, आपल्या उन्हात त्याहून जास्त हवं कुणाला!

क्लिक १/४ एमओए, १/८ एमओए, ०.१ मिल... काय निवडू?

एमओए आणि मिल ही कोनाची मापं. टरेट म्हणजे नेम वर-खाली किंवा डावीकडे-उजवीकडे सरकवणारी स्कोपवरची चक्री, आणि तिची एक खाच म्हणजे एक क्लिक. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर, ५० मीटरवर साडेचौदा. त्यामुळे ५० मीटरवर १/४ चा एक क्लिक गोळी ३.६ मिलिमीटर सरकवतो, १/८ चा १.८, आणि ०.१ मिलचा ५ मिलिमीटर. १०.४ मिलिमीटरच्या १० साठी १/४ पुरतो. मिलचा क्लिक एवढ्या अंतराला जरा ढोबळ पडतो, तो वेगवेगळ्या अंतरांच्या प्रिसिजन सामन्यांत सोयीचा. १/८ बेंचरेस्टवाल्यांचा.

पण खरा प्रश्न क्लिकच्या आकाराचा नाही. दहा क्लिक वर आणि दहा क्लिक खाली केल्यावर गोळी पहिल्याच भोकापाशी येते का, हे बघायचं. स्वस्त स्कोप मार खातात ते इथेच.

हे तपासायचं कसं?

चौकोनाची चाचणी करा. ५० मीटरवर मोठा कागद लावा, मध्ये एक ठिपका. पूर्ण वेळ नेम त्या ठिपक्यावरच धरायचा. तीन गोळ्या मारा. मग २० क्लिक वर करून तीन, २० उजवीकडे करून तीन, २० खाली करून तीन, २० डावीकडे करून शेवटच्या तीन. १/४ च्या स्कोपवर चौकोनाची प्रत्येक बाजू ७३ मिलिमीटरच्या आसपास यायला हवी आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसायला हवा. बाजू ७० भरली तरी चालेल, ते मनात ठेवून खेळता येतं. शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसला नाही तर तो स्कोप वॉरंटीत परत द्या.

काही टरेटमध्ये आतली स्प्रिंग आळशी असते. एका दिशेला क्लिक फिरवले तरी क्रॉसहेअर लगेच सरकत नाही, एक-दोन गोळ्या गेल्यावर सरकतो. उपाय जुना आहे: हवं तिथून चार क्लिक पुढे जा, मग परत या, आणि टरेटवर बोटाने हलकी टिचकी मारा.

रेटिकल कोणतं? आणि फर्स्ट फोकल प्लेन हवंच का?

रेटिकल म्हणजे स्कोपमधली नेम धरायची खूण. ती बारीक क्रॉसहेअर किंवा मध्ये बारीक ठिपका अशी असावी. जाड रेषा १० चं वर्तुळ पूर्ण झाकते आणि मग नेम धरायला काही उरतच नाही. एकाच अंतरावर खेळणाऱ्याला सेकंड फोकल प्लेन उत्तम: पट वाढवली तरी रेषा जाड होत नाही, आणि स्वस्तही पडतं. फर्स्ट फोकल प्लेन (पट वाढवली की खुणाही मोठ्या होतात) त्यांच्यासाठी, जे एकाच सामन्यात वेगवेगळ्या अंतरांवर रेटिकलवरच्या खुणांनी नेम उचलतात.

आत लाल दिवा पेटणारा?

दिवसाच्या पांढऱ्या कागदावर त्याचं काहीच काम नाही.

बजेट कसं वाटायचं? एखाद-दोन नावं तरी सांगा.

माझ्या मते स्कोपच्या बजेटमधला पाचवा हिस्सा रिंगांसाठी बाजूला काढा आणि त्याला हात लावू नका. भारी स्कोप आणि पत्र्याच्या रिंगा यापेक्षा साधा स्कोप आणि पोलादाच्या घट्ट रिंगा केव्हाही सरस. आणि स्कोप घेतल्यावर गोळ्यांना पैसे उरत नसतील तर अजून एक हंगाम थांबा. नवा स्कोप लावून न मारलेल्या गोळ्यांनी कुणाचा नेम सुधारत नाही.

नावं विचारलीत म्हणून: व्होर्टेक्सचा क्रॉसफायर टू २-७×३२ रिमफायर ५० यार्डांवर जुळवलेला येतो आणि नवख्याला तो बरा. हॉकच्या व्हँटेज मालिकेत एओवाले स्कोप आहेत, १० मीटरपासून ५० मीटरपर्यंत एकच स्कोप वापरायचा असेल तर तिकडे बघा. बेंचरेस्टच्या जुन्या लोकांकडे वीव्हरचा टी-३६ दिसतो: ३६ पट, १/८ चे क्लिक, फिरवायची पट नाही. निकॉनचे जुने रिमफायर स्कोप कुणाकडे पडून असतील तर चांगले आहेत, पण कंपनीने रायफलचे स्कोप बनवणं बंद केलंय, म्हणजे दुरुस्तीचा भरवसा नाही. मॉडेलं बदलत राहतात. दुकानात जाताना नावापेक्षा या चार गोष्टी लिहून न्या: पॅरॅलॅक्स ५०-६० यार्ड किंवा एओ, १/४ चे क्लिक, सगळ्या भिंगांवर मल्टिकोटिंग (चकाकी कमी करणारे थर), आत वाफ धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेला.

ऑनलाइन फार स्वस्त मिळतात, ४×२० वगैरे. घेऊ का?

पेनाएवढ्या जाडीची ती ४×२० नळी खेळण्यातली आहे. तिची नळी पाऊण इंचाची असते, आणि चांगल्या स्कोपच्या नळ्या १ इंच किंवा ३० मिलिमीटरच्या. पुढे कधी चांगला स्कोप घ्यायचा म्हटलं तर तिच्या रिंगाही उपयोगी पडत नाहीत.

दुसरा धोका नकलेचा. नामवंत कंपनीचं नाव, खोकं झकास, किंमत चौथा हिस्सा. अनुक्रमांक कंपनीकडे तपासता येतो, तो आधी मागा. पक्कं बिल न देणाऱ्याकडून काहीच घेऊ नका, मग तो नागपूरचा असो की मोबाइलमधला.

जुना स्कोप घेताना काय बघायचं?

कानाशी धरून हलवा, आत खुळखुळ नको. पुढून टॉर्च मारून मागून बघा. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, आणि ती वाढत जाते. आपल्याकडे चार महिने पावसाळ्यात कपाटात पडलेल्या दुर्बिणींना ती हमखास धरते. नळीवर रिंगांनी पाडलेले खड्डे असतील तर कुणीतरी पाना जोरात आवळलाय, आतलं काही दबलंही असेल.

मग पुठ्ठ्याच्या खोक्याला समोरासमोर दोन खाचा करा, त्यात स्कोप ठेवा, दूरच्या खांबावर रोखा आणि खाचांतच गोल फिरवा. क्रॉसहेअर मोठं वर्तुळ काढत असेल तर टरेट मधोमध नाहीत. क्लिकांनी मध्ये आणता आले तर ठीक. एखादा टरेट शेवटाला जाऊन अडकलेला असेल तर विकणाऱ्याने नेम बसवण्यासाठी झगडलंय, हे ओळखा.

रिंगा बसतच नाहीत. काय चुकतंय?

रायफलच्या वर दोन समांतर खाचा असतील तर ती ११ मिलिमीटरची डव्हटेल. बहुतेक ०.२२ आणि एअर रायफलींवर तीच असते. आडव्या खाचा असलेली रुंद पट्टी म्हणजे वीव्हर किंवा पिकाटिनी. एकाच्या रिंगा दुसऱ्यावर बसत नाहीत. कानशीने घासून बसवणारे महाभाग आहेत, त्यांच्याकडे रायफल देऊ नका. घेताना रायफलच्या खाचेचा आणि स्कोपच्या नळीचा, असे दोन्ही मापांचे फोटो दुकानदाराला दाखवा.

बसवताना क्रॉसहेअर सरळ आहे हे कसं कळणार? लेव्हल नाही माझ्याकडे.

गवंड्याचा ओळंबा आणा. २५ मीटरवर झाडाच्या फांदीला टांगा, वारा नसताना. रायफल पिशव्यांवर सरळ बसवा आणि उभी रेषा ओळंब्याच्या दोरीवर बसेपर्यंत स्कोप रिंगांत फिरवा. यापेक्षा अचूक लेव्हल बाजारात मिळत नाही.

पुढे-मागे किती ठेवायचा ते तुमच्या पवित्र्यावर ठरतं. ज्या पवित्र्यात खेळणार त्यातच झोपा किंवा बसा, डोळे मिटा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. काळी कड न दिसता पूर्ण गोल चित्र दिसलं की जागा बरोबर. झोपून खेळताना डोकं पुढे जातं, त्यामुळे टेबलावर बसून बसवलेला स्कोप तिथे जवळ वाटतो. डोळा आणि स्कोपमध्ये साधारण ८-९ सेंटिमीटर राहतात. स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळा. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना सुमारे २ न्यूटन-मीटर पुरे.

नेम कसा बसवायचा, गोळ्या वाया न घालवता?

रायफल रिकामी आहे हे तपासून बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) काढा आणि रेंजवर २५ मीटरच्या निशाणाकडे नळीतून बघा. पिशव्यांवर रायफल तशीच ठेवून क्रॉसहेअर त्याच ठिपक्यावर आणा. आता तीन गोळ्या मारा. ग्रुपच्या मध्यापासून मोजा: २५ मीटरवर १/४ चा क्लिक १.८ मिलिमीटरचा, म्हणजे ३६ मिलिमीटर खाली लागत असेल तर २० क्लिक वर. मग ५० मीटरवर जाऊन बारीक सुधारणा. एका गोळीवरून क्लिक फिरवू नका, ग्रुप बघा.

५० मीटरवर नेम बसवलेली ०.२२ मॅच गोळी १०० मीटरवर वीसेक सेंटिमीटर खाली जाते. दोन्ही अंतरांवर खेळणार असाल तर क्लिकांची नोंद वहीत ठेवा, सोबत त्या दिवसाचं तापमान आणि गोळीचा लॉटही.

स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर हाच स्कोप लावला तर?

फुटेल. स्प्रिंगच्या रायफलला मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका असतो, आणि पुढचा झटका झेलायला साध्या स्कोपची भिंगं बांधलेली नसतात. मोठ्या बंदुकीवर टिकलेला स्कोप स्प्रिंगच्या एअर रायफलवर ढिला पडलेला पाहायला मिळतो. त्यासाठी 'एअरगन रेटेड' लिहिलेला एओ स्कोप आणि मागे सरकू नये म्हणून रोधक खिळा असलेला एकसंध माउंट घ्या. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलला झटकाच नसतो, तिला काहीही चालतं.

ऊन, धूळ, पाऊस यांत कसा सांभाळायचा?

मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. रेंजवर दोन फैरींच्या मध्ये त्यावर पांढरं कापड टाका. रायफलची काळी नळी नुसत्या उन्हानेच इतकी तापते की तिच्यावरची हवा स्कोपसमोर नाचते. नळीवर लांब पट्टी ताणून लावली तर ते बरंच कमी होतं.

भिंग दुपट्ट्याने पुसायचं नाही. कापसाच्या वावराशेजारून आलेल्या बारीक धुळीत मातीचे कण असतात, ते कोटिंगवर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, मग भिंगाचं कापड. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या ओल धरल्या की तव्यावर कोरड्या गरम करून पुन्हा वापरता येतात. चामड्याच्या बॅगेत मात्र नको, चामडं ओल धरतं.

एसटीने स्पर्धेला जाताना नेम हलतो का?

चांगल्या रिंगा असतील तर सहसा नाही, पण आपले रस्ते बघता गृहीत धरू नका. स्क्रू आणि रिंग यांच्यावरून नेलपॉलिशची एक रेघ ओढा, सरकलं तर रेघ तुटलेली दिसते. पोचल्यावर सरावाच्या गोळ्यांत आधी तेच तपासा. परवाना, बोल्ट काढलेली रायफल आणि बंद पेटी, हे सोबत हवंच. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश तुम्हाला लागू झाला असेल, तर परत मिळाल्यावर नेम नव्याने बसवा.

परवान्याचं काय?

०.२२ रायफलला १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतोच, स्पर्धेसाठी असली तरी. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. नवख्याने सुरुवात तिथूनच करावी. ०.२२ चा सराव मान्य रेंजवरच, वावरात नाही. ही एवढीशी गोळी वर उचलून सुटली तर दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि तेवढ्यात आपल्याकडे एखादं गाव येतंच.

"रानडुकरं पऱ्हाटी-चणा काहीच ठेवत नाहीत. हाच स्कोप रात्री धुऱ्यावर चालन का?"

नाही. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं आणि परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे. खेळासाठी मिळालेली रायफल घेऊन ताडोबा, मेळघाट किंवा पेंचच्या शेजारच्या वावरात रात्री सापडलात तर गुन्हा दाखल होईल, आणि खेळाचा परवानाही धोक्यात येईल. पिकाच्या नुकसानीसाठी वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा. पंचनाम्यासाठी पायांचे ठसे आणि मोडलेल्या झाडांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.